रेघेवर ठेवलेल्या किल्ल्या

फोनवरची बाई फार गोड बोलत होती. "मामा, दोन दिवस बसून सगळ्या किल्ल्या पाहिल्या मी," ती म्हणाली. "तुमची लगेच ओळखली. तिसऱ्या दाताचं टोक तुटलंय, हो ना?" मी हो म्हणालो. सकाळचे दहा वाजले असतील. पायपुसणं झटकायला मी दाराबाहेर आलो होतो, ते जिन्यातच टाकलं आणि हात खिशात गेला. अंगठ्यानं किल्ली चाचपली. पहिला दात, दुसरा, तिसरा. तुटकाच होता. तो तुटला त्याला सतरा वर्षं झाली. ते माझ्या बायकोला माहीत आहे, मला माहीत आहे आणि आमच्या दाराला माहीत आहे, असं मी आजवर समजत होतो. ही बाई कोण, उंच की ठेंगणी, तरुण की म्हातारी, मला काहीच ठाऊक नव्हतं. ती बोलतच होती. शुक्रवारी शेवटची सही झाली की किल्लीकट्टा, म्हणजे इंटरनेटवरचा आमचा कुलपांचा वर्ग, त्यांच्या कंपनीचा होणार. मग मी अगदी आराम करायचा. माझे जुने धडे ऐकवून त्यांनी एक मशीन तयार केलंय, ते नवे धडे माझ्याच आवाजात बोलणार. "परवा तुमच्या भाचीला ऐकवलं, तर तिलाही कळलं नाही मामा! तुमचं ते 'हळू बाळांनो, कुलूप काही आपला वैरी नाही', ते तर हुबेहूब." ती हसली. मीही हसलो, कारण समोरचं माणूस हसलं की हसायचं ही दुकानदारीतली जुनी सवय. फोन ठेवला. जिना रिकामा होता. खालच्या मजल्यावर कोणीतरी दार ओढून घेतलं, कुलपाची जीभ चौकटीत बसल्याचा तो आवाज आला, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या आवाजानं मला बरं वाटलं नाही.

तो आवाज मी पोटासाठी ऐकत आलो. माझं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची साडेतीन फुटांची जागा, शेजारी झेरॉक्सवाला, समोर रस्ता. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना आम्ही वस्ताद म्हणायचो. वस्तादांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मलाही येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी जे शिकवलं ते सगळं बोटांत राहिलं, कागदावर काहीच नाही. गिऱ्हाईकाची किल्ली हातात आली की काम होईपर्यंत बघायची, मग विसरायची. भुगा त्याच्या देखत झाडायचा. नवी किल्ली कापताना चुकली तर ती पकडीत धरून, वाकवून, मोडून दाखवायची, मग त्याला कितीही घाई असो. "गिऱ्हाईकाची किल्ली आपल्याकडे उरली," वस्ताद म्हणायचे, "की त्याच्या घरात आपला एक पाय राहिला म्हणून समज." एकदा मी एक चुकलेली किल्ली तशीच डब्यात टाकली होती. एवढीशी पितळेची पट्टी, पुन्हा कामी येईल म्हणून. वस्तादांनी ती शोधून काढली आणि मला त्या गिऱ्हाइकाच्या घरी पाठवलं, चार मैल चालत, ती त्याच्यासमोर मोडून यायला. त्या माणसाला काही कळलं नाही. तो म्हणाला, "वेडा आहे का रे तुझा मालक?" मी परत येऊन हे सांगितलं तर वस्ताद कितीतरी वेळ हसत होते. "वेडाच आहे," म्हणाले. "म्हणून तर लोक कुलपं घेऊन येतात आपल्याकडे."

जिन्यातून घरात आलो आणि दार लावलं. मग पुन्हा उघडून पायपुसणं घेतलं आणि पुन्हा लावलं. बायको आतून म्हणाली, "काय उघडझाप चाललीय? कोणाचा फोन?" मी म्हणालो, कंपनीवाल्यांचा. ती म्हणाली, "मग तोंड का असं? मुलगी दिल्यासारखं?" डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, सगळ्या किल्ल्या पाहिल्या. सगळ्या म्हणजे चाळीस हजारांच्या वर. त्या पाठवा असं लोकांना सांगितलं कोणी? मी सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, कॉलेजात होती. तिला कोणाच्या तरी हातांचं शूटिंग करून आणायचं होतं. तिनं माझे हात घेतले. गंजलेलं एक कुलूप मी सात मिनिटांत उघडलं आणि उघडताना आपला बडबडत होतो, जसा रोज झेरॉक्सवाल्याशी बडबडायचो तसा. तिनं ते इंटरनेटवर टाकलं. महिनाभरात लोकांची पत्रंच पत्रं, कोणी म्हणे पुढचं दाखवा, कोणी म्हणे माझ्याकडे आजोबांची पेटी आहे. जगात कुलपांचा नाद असलेली इतकी माणसं आहेत हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, कुलपाची आठवण माणसाला फक्त ते बिघडल्यावर येते. भाची पत्रं वाचून दाखवायची, मी उत्तर सांगायचो. एक दिवस ती म्हणाली, "मामा, मी किती दिवस वाचून दाखवू?" आणि एकरेघी वही आणली. मी चोपन्न वर्षांचा होतो. लाजेनं दुकानाचं शटर अर्धं ओढून बसायचो. अक्षरं काही केल्या डोक्यात शिरेनात. मग एकदा तिनं 'कपाट' असं लिहिलं आणि वरून रेघ मारली, आणि मला एकदम दिसलं. वर सरळ पाठ, खाली दाते. ही तर किल्ली! त्या दिवसापासून मी वाचायला लागलो. प्रत्येक शब्द मी आधी त्याच्या दात्यांवरून ओळखायचो, मग उच्चारायचो. अजूनही तसंच करतो.

पण माणसांची नावं अवघड जायची. नावांना काही नियम नसतो. म्हणून एका धड्याच्या शेवटी मी म्हणालो, "बाळांनो, मला नावं लक्षात राहत नाहीत. किल्ली राहते. वही उघडा, आपल्या घराची किल्ली घ्या, तिची पाठ रेघेला लावून ठेवा, आणि फोटो पाठवा. मी तुम्हाला जन्मात विसरणार नाही." लोकांना ते इतकं आवडलं! तीच चाल पडून गेली. नवा सभासद आला की जुने विचारायचे, "रेघ लावली का?" रेघ लावल्याशिवाय कोणाला कट्ट्यावर घ्यायचंच नाही असा नियम झाला, तो भाचीनं केला नाही, मीही नाही, लोकांनीच केला. पुढे दरवर्षी सभासदाच्या घरी सरावासाठी एक कुलूप जायला लागलं, तेव्हा किल्लीच्या खाली पत्ता आला. जिन्याखालच्या खोबणीतून आम्ही एका खोलीत गेलो, खोलीतून काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर. अकरा माणसं कामाला. कोणी लिहायचं, कोणी जुन्या तिजोऱ्यांचा इतिहास काढायचं, एक जण तर नुसता लोकांची भांडणं सोडवायचा, लिव्हरचं कुलूप श्रेष्ठ की पिनांचं ह्यावरून. बायको म्हणायची, "चाळीस हजार भाचे झाले तुम्हाला, एक मेला कधी भाजी आणून देत नाही." मी म्हणायचो, "मामा व्हायचं म्हणजे लोक मामा बनवणारच." आम्ही हसायचो. अकरा वर्षं हसलो आणि एकदाही, एकदाही माझ्या मनात आलं नाही की वहीच्या रेघांमधलं अंतर कुठल्याही एकरेघी वहीत सारखंच असतं. रेघेला पाठ लावून ठेवलेली किल्ली म्हणजे फूटपट्टीवर ठेवलेली किल्ली. गिऱ्हाइकाची मागे उरलेली एवढीशी पट्टी मोडायला चार मैल चालत गेलेला माणूस मी, आणि चाळीस हजार घरांची मापं मी स्वतः, गोड बोलून, मागून घेतली होती.

बसमध्ये बसलो तेव्हा समोरच्या माणसानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि वेळ जावा म्हणून बोटात फिरवायला लागला. मी खिडकीबाहेर बघितलं. माझे डोळे तिकडे जाऊ नयेत असं मला वाटत होतं, पण ते गेलेच होते. पाच दात, दुसरा खोल, चौथा जेमतेम. विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही, वस्ताद, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. रस्त्यावर दुकानं उघडत होती, इमारती, खिडक्या, दोरीवर कपडे, आणि प्रत्येक खिडकीमागे एक दार आणि प्रत्येक दाराला एक भोक. लहानपणी बाहुलीचे डोळे काढून टाकल्यावर जी दोन भोकं राहतात, ती बघून मी रडायचो असं आई सांगायची. तसं झालं. सगळं शहर त्या भोकांतून माझ्याकडे बघतंय, आणि त्या प्रत्येक भोकात काय जातं ते मला माहीत आहे. माझ्या तळव्यांना घाम आला. किल्लीच्या पितळेचा वास घाम लागला की वर येतो, तो वास माझ्या हातांना आयुष्यभर होता, बायकोला आवडायचा. आता तो चोरट्या हातांचा वास वाटला.

आमच्या ऑफिसच्या दाराला किल्ली लागत नाही, कार्ड दाखवलं की ते उघडतं. कुलूपवाल्यांचं ऑफिस आणि कुलूपच नाही, ह्यावर आम्ही पुष्कळ विनोद केले होते. भाची आपल्या काचेच्या खोलीत होती, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "पोरी, त्या किल्ल्या पुसून टाक."

"कुठल्या?"

"रेघेवरच्या. सगळ्या."

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून उठली आणि दार लावलं. "मामा, बसा आधी. करारात आहे, आता यातलं एक अक्षर काढायचं नाही. आणि ते लोक घेतायत कशासाठी? तुमचे धडे तर कोणीही फुकट बघतं. कोणाच्या घराला कोणतं कुलूप आहे, किती जुनं आहे, हे इतकं नीट दुसऱ्या कोणाकडे नाही. त्यांच्या धन्याच्या आणखी वीस कंपन्या आहेत. कोणी कुलपं विकतं, कोणी विमा विकतं. त्यांना ते हवंय."

"लोकांच्या घराच्या किल्ल्या आहेत त्या."

"फोटो आहेत मामा. फोटोनं दार उघडतं का?"

"रेघेवर ठेवलेत."

"बरं, मग?"

"रेघांतलं अंतर ठरलेलं असतं."

ती हुशार आहे, लहानपणापासून. तिच्या डोळ्यांत काहीतरी आलं आणि तिनं ते लगेच बाजूला सारलं, हे मला दिसलं. "ते तुम्हाला कळतं," ती म्हणाली. "त्यावरून किल्ली कापायची तर तुमच्यासारखा हात हवा. असा हात दुसऱ्या कोणाचा आहे?"

"अकरा वर्षं मी दुसऱ्यांना तेच शिकवतोय. शूटिंग तूच करत होतीस."

ती खुर्चीत बसली. बाहेर काचेपलीकडे तिची माणसं मान खाली घालून काम करत होती. कोणीतरी भिंतीवरचं मोठं लाकडी कुलूप, आमचं चिन्ह, काढून खोक्यात भरत होतं. "मामा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी दमलेय हो. गेली दोन वर्षं सकाळी उठले की पहिल्यांदा पगाराचे पैसे मोजत बसते. ही अकरा माणसं, त्यांची घरं. विकलं तर त्यांच्या नोकऱ्या राहतायत. नाही विकलं तर वर्षभरात बंद. मला हे डोक्यावरून उतरवायचंय. आणि तुम्ही आज येता, आजच?"

"मला आज कळलं."

"आजच कसं कळलं? रेघ लावा असं तुम्हीच..." ती थांबली. मला बोल लावायचं तिला जमत नाही. माझ्या मांडीवर बसून तिनं पहिलं कुलूप उघडलं होतं. ती बराच वेळ टेबलावर बोट आपटत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. हातच्या कंकणाला आरसा कशाला? एक करून दाखवा. फक्त फोटोवरून. लागली तर मी शुक्रवारी सही करत नाही, मग होऊ दे काय व्हायचं ते. नाही लागली, तर हा विषय तुम्ही पुन्हा काढायचा नाही. माझ्याकडे नाही आणि आईकडेही नाही."

"कबूल."

"कोणाची?"

"पहिली," मी म्हणालो. "नर्सबाईंची."

तिनं फोटो कागदावर काढून दिला, खाली पत्ता. देताना कागद एक क्षण तिनं सोडला नाही. "बेल वाजवून हं मामा. सगळं सांगून, त्यांच्या समोर. चोरासारखं नाही."

"मला शिकवतेस?" मी म्हणालो.

घरी आलो. दुकान सहा वर्षांपूर्वी बंद झालं, पण पकड आणि कानशी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लावून ठेवल्यात. फोटो समोर ठेवला. अकरा वर्षांपूर्वी मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा केवढा आनंद झाला होता. रेघेला अगदी काटेकोर लावलेली पाठ, जसं ताप लिहिणाऱ्या माणसाचं काम असतं तसं, आणि कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचं टोक, त्याला चिकटपट्टी लावलेली. नर्सबाई म्हणजे निवृत्त परिचारिका. एकट्या राहतात. दर दोन-तीन महिन्यांनी लिहितात, गोल, सुटं अक्षर, मला वाचायला सोपं जावं म्हणून मुद्दाम काढलेलं. एकदा लिहिलं होतं, 'मामा, मी तुमचे धडे लावून जेवते. कुलपातलं मला काही कळत नाही. घरात कोणीतरी बोलतंय असं वाटतं.' आम्ही कधी भेटलो नाही. पण त्यांच्या किल्लीचे पाच दात मी झोपेत सांगितले असते.

बायको मटार सोलत बसली होती. कोरी किल्ली पकडीत धरली तशी तिनं मान वर केली. "कोणाच्या घरची?" असं आमच्याकडे पहिल्यापासून विचारायची पद्धत आहे.

"नर्सबाईंची."

"त्यांनी दिली?"

मी कानस चालवली. "हो. अकरा वर्षांपूर्वी."

ती सोलायची थांबली. मी सगळं सांगितलं, फोनवरच्या बाईपासून. ती ऐकत होती आणि तिच्या बोटांत एक शेंग तशीच होती. शेवटी म्हणाली, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ नयेत म्हणतात. तुम्ही तर पत्त्यासकट दिल्यात." मग थोड्या वेळानं, "आणि आपल्या दाराची?"

"तीही आहे त्यात."

ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. आतली कडी लावल्याचा आवाज आला, दुपारच्या दीड वाजता, जी कडी आम्ही रात्रीसुद्धा लावत नव्हतो. परत येऊन तिनं पुन्हा मटार घेतले. पाठ मात्र आता भिंतीला लावून बसली.

मी कापत होतो. माझ्या मनात काय होतं ते सांगणं कठीण आहे. किल्ली लागू नये असं मला मनापासून वाटत होतं. लागली नाही तर लोक सुखरूप, भाची सुखरूप, अकरा माणसांच्या नोकऱ्या सुखरूप, आणि मी नुसता एक भित्रा म्हातारा. पण हात माझं ऐकत नव्हते. हाताला वाईट काम करता येत नाही. मी एकदा मुद्दाम चौथा दात जरा उथळ सोडला, आणि पुढच्याच क्षणी कानस आपोआप तिथे परत गेली. भुगा कागदावर पडत होता, पितळेचा, पिवळा, जुन्या हळदीसारखा. रेघ ते रेघ मापायची, त्याचे भाग पाडायचे, बस्स. मी लोकांना शिकवतो तितकंच. चाळिसाव्या धड्यात हे सगळं आहे. मला त्या धड्यातला माझा आवाज ऐकू येत होता, प्रसन्न, खट्याळ, सगळ्यांचा मामा. 'हळू बाळांनो.' कोण ऐकत असेल तो? कुठल्या खोलीत, कसला चेहरा करून? अकरा वर्षांत मी त्या चेहऱ्यांची कल्पना केली ती नेहमी हसऱ्या चेहऱ्यांची. आज पहिल्यांदा एक चेहरा डोळ्यांसमोर आला जो हसत नव्हता, नुसता लक्ष देऊन ऐकत होता, वहीत लिहून घेत होता.

अर्ध्या तासात किल्ली झाली. चांगली झाली होती. बायकोनं बघितली आणि म्हणाली, "लागणार ही." तिच्या आवाजात कौतुक होतं, सवयीचं, आणि ते आहे हे कळून तिनं ओठ मिटले.

नर्सबाईंची इमारत तीन स्टॉपवर होती. इतक्या जवळ, आणि मी कधी गेलो नव्हतो. जिना स्वच्छ, भिंतीला नुकता रंग दिलेला, दुसऱ्या मजल्यावर कोणाच्यातरी रेडिओचा आवाज. मी कठड्याला धरून चढत होतो आणि प्रत्येक पायरीवर मनात घोकत होतो, बेल वाजवायची, नमस्कार करायचा, नाव सांगायचं, सगळं सांगायचं, मग किल्ली. एक माणूस वरून खाली आला. त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हातारा, इस्त्रीचा शर्ट, हात खिशात. तो जरासा हसला आणि बाजूला झाला, मला वाट द्यायला. मला त्याचा राग आला. त्यानं मला हटकायला हवं होतं, कोण तुम्ही, कोणाकडे, खिशात काय. चोर तरी कसे असतात, असेच असतात.

तिसरा मजला. दारावर पाटी होती. मी दात्यांवरून जुळवत नाव वाचलं, त्यांचं नाव मी पहिल्यांदा वाचत होतो. अकरा वर्षं ज्यांना ओळखतो असं म्हणत होतो त्यांचं नाव हे. मला ओशाळं वाटलं. बेल उजवीकडे होती, पांढरी, मधे बोटांनी मळलेली. कुलूप डावीकडे. मी हात खिशातून काढला. आता हे कोणाला पटणार नाही, भाचीला तर नाहीच, पण मी बेलसाठीच हात काढला होता. पन्नास वर्षं माझा हात दारापाशी आला की आधी कुलपाकडे जातो. तो तसा गेला. किल्ली आत गेलीसुद्धा.

मऊ गेली. पिना एकेक करून वर उचलल्या जाताना बोटाला लागत होत्या, पहिली, दुसरी. तिसरीशी अडली. केसभर. मी थांबलो. इथे थांबता आलं असतं. नाही लागली, असं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. जिन्यात रेडिओ चालू होता. आणि मग मनगटानं, मी काही ठरवायच्या आत, किल्ली किंचित मागे घेतली, वर दाबली, आणि फिरवली. तीही युक्ती मीच शिकवलेली. कुलपाची जीभ सरकल्याचा आवाज आला, तोच, आयुष्यभराचा, आणि मला आनंद झाला. क्षणभरच. पण झाला. त्या आनंदाची मला जेवढी भीती वाटली तेवढी त्या दिवसभरात कशाचीच वाटली नव्हती.

दार चार बोटं उघडलं आणि साखळीला अडकलं.

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग पूर्ण शांतता. श्वास रोखून धरला की घरात जी शांतता होते ती मला बाहेर कळत होती. मग आवाज आला, बारीक, कापरा. "कोण आहे?"

फटीतून एक भिंत दिसत होती, तिच्यावर कॅलेंडर, खाली टेबल, एक ताट, ताटासमोर उभा करून ठेवलेला फोन. त्या फोनवर एक माणूस आवाज बंद केल्यासारखे नुसते ओठ हलवत होता. तो मी होतो.

"कोण आहे म्हणते! दार कसं उघडलं? मी ओरडेन हं!"

"मी," कसाबसा म्हणालो. "बाई, मी. मामा."

"कोण मामा?"

"किल्लीकट्ट्यावरचा. घाबरू नका. हळू... मी सगळं सांगतो."

आत एकदम काहीतरी सैल झालं. मला ते ऐकू आलं, जसं कुलूप सैल होताना ऐकू येतं. "अगं बाई! मामा!" आवाजात भीतीचा मागमूस राहिला नव्हता, त्या हसत होत्या. "जीवच गेला होता माझा. थांबा, साखळी काढते."

"काढू नका," मी म्हणालो. "बाई, साखळी काढू नका. आधी दार कसं उघडलं ते विचारा मला. आधी मला बघा तरी, मी कोण आहे ते."

"बघायचं काय त्यात? तुमचा आवाज मी ओळखणार नाही होय?" त्या म्हणाल्या. "रोज जेवायला बसते तुमच्याबरोबर."

फोनवरच्या बाईचं हसू मला आठवलं, आणि माझ्या आवाजात बोलणारं ते मशीन. 'तिलाही कळलं नाही मामा!'

दार माझ्या तोंडावर बंद झालं. साखळी काढायची तर दार आधी लावावं लागतं. पलीकडे साखळी खोबणीतून सरकायला लागली, कडी कडी करत. मी काही विचार केला नाही. किल्ली कुलपात तशीच होती. मी दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली, पाय चौकटीला लावला आणि दार अंगाकडे ओढून धरलं, सगळ्या ताकदीनं. आयुष्यभर दारं उघडून दिली, एक दार बंद धरायचं तर हाताला ते कसं करायचं माहीत नव्हतं. साखळी निघाली, लोंबकळून एकदा लाकडावर आपटली. आतून दार हललं. मी सोडलं नाही. पुन्हा हललं.

"मामा," त्या आतून म्हणाल्या, अगदी आपलेपणानं, "दार अडकलंय वाटतं. जरा बाहेरून ढकला ना."